हटवार सर आणि एकदाच बसणारी फरशी

थोर माणूस आपल्या पायाखालची जमीन स्वतः निवडतो, असं हटवार सर म्हणत. ही निवड करायला त्यांना अकरा वर्षं लागली. तेवढी वर्षं त्यांच्या पायाखाली शेणाने सारवलेली जमीन होती, आणि ती त्यांची बायको सारवत होती.

कोंढ्याला आम्ही एकाच शाळेत होतो. सर गणित शिकवत, मी मराठी. घरंही शेजारी. मधे तारेचं एक कुंपण होतं आणि ते माझ्या बाजूने वाकडं आहे, असं सरांचं मत होतं. एकच कुंपण एका बाजूने वाकडं आणि दुसऱ्या बाजूने सरळ कसं असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मराठीच्या मास्तराने भूमितीत तोंड घालू नये, एवढं मला नोकरीने शिकवलं होतं.

सर उंच होते, आणि उंच होते त्यापेक्षा जास्त ताठ होते. फळ्यावर हाताने, कंपास न घेता, एका दमात वर्तुळ काढायचे आणि मग खडू ठेवून थोडं थांबायचे. वर्गाने ते वर्तुळ पाहून घ्यावं म्हणून हा वेळ असे. कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत. एकदा आम्ही एका घरी सांत्वनाला गेलो होतो. सरांनी हार घातलेला फोटो डावीकडून अर्धा इंच वर उचलला, दोन पावलं मागे येऊन पाहिला, आणि मगच डोळे मिटून हात जोडले.

स्वातंत्र्यदिनाला ते खिशात ओळंबा घेऊन येत. एका वर्षी प्रमुख पाहुणे झेंड्याची दोरी हातात धरून उभे, बँडवाली पोरं गाल फुगवून तयार, आणि सर एक डोळा मिटून खांबाकडे पाहत होते.

"दोन सूत कललाय," ते म्हणाले.

हेडमास्तर कानाशी येऊन म्हणाले, "सर, कार्यक्रम झाल्यावर पाहू."

"कललेल्या खांबावर झेंडा चढवायचा असेल, तर माझी हरकत नोंदवून घ्या."

हरकत नोंदवण्यापेक्षा पाचर ठोकणं सोपं होतं, म्हणून पाचर ठोकली. तेवढ्यात उन्हाने तीन पोरं खाली बसली. झेंडा वर गेला तेव्हा वारा पडलेला होता, त्यामुळे तो काही फडकला नाही. पण वाऱ्यावर सरांचा इलाज नव्हता.

सर नेहमी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत. फक्त राग आला किंवा अडचण झाली, की मूळची झाडीबोली बाहेर येई. गावातली पोरं त्यावरून अंदाज बांधत. "तू काहून हसून राहिला बे" असं ऐकू आलं, की मागच्या बाकापर्यंत शांतता पसरे.

घर त्यांनी निवृत्तीच्या आधी बांधलं. पाच खोल्या, पक्क्या विटा, वर स्लॅब. गवंड्याला त्यांनी एकेक कोपरा गुण्याने तपासून दिला होता, त्यामुळे घर काटकोनात होतं यात शंका नाही. गृहप्रवेशाला गेलो तेव्हा खाली मुरूम घालून चोपलेली जमीन होती, आणि तिच्यावर ताजं सारवण.

"फरशी राहिली वाटते जी," मी म्हटलं.

"राहिली नाही, राखून ठेवली आहे. भिंतीला रंग पुन्हा देता येतो, दार बदलता येतं. फरशी एकदाच बसते."

मग निदान कोबा तरी करून घ्या, असं कुणीतरी सुचवलं. सरांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "कोबा हा तात्पुरता विचार आहे. तात्पुरतं करणारा माणूस कायमचा तात्पुरताच राहतो." हे वाक्य ऐकायला चांगलं होतं. ते ऐकताना सुमनवहिनी चहाचे कप उचलत होत्या.

वहिनी लहानखुऱ्या बांध्याच्या, बोलायला कमी. घरातही त्या नवऱ्याला सरच म्हणत. पाच खोल्या सारवायच्या म्हणजे बादलीत शेण कालवायचं, उकिडवं बसायचं, आणि हाताचे अर्धगोल काढत काढत मागे सरकायचं. पहिली आठ वर्षं हे असंच चाललं. सर विचार करत होते आणि वहिनी मागे सरकत होत्या. मग एक दिवस त्या सारवता सारवता उठायला गेल्या आणि उठता येईना. दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, की दोन्ही गुडघ्यांच्या गाद्या झिजल्या आहेत. यापुढे उकिडवं बसलात तर काही वर्षांनी चालणंही बंद होईल.

सरांनी हे फार गंभीरपणे घेतलं. परत येताना त्यांनी बसस्टँडसमोरच्या दुकानातून दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर 'फरशी' असं लिहून खाली दोन समांतर रेषा मारल्या.

अभ्यास सुरू झाला तो असा. त्यानंतरची तीन वर्षं पवनी आणि भंडाऱ्याच्या टाइल्सच्या दुकानांत हटवार सर माहीत नाहीत असा माणूस राहिला नाही. दुकानदार नमुन्याची एक टाइल देत, ती कापडी पिशवीत घालून सर एसटीने घरी आणत. बसमध्ये ती मांडीवर उभी धरून बसत. एकदा कंडक्टर म्हणाला, "सर, याचं तिकीट फाडू का?"

"हे शैक्षणिक साहित्य आहे," सर म्हणाले, आणि शेजारच्या माणसाला चप्पल काढून खाली ठेवलेल्या टाइलवर पाय ठेवायला सांगितलं. माणूस कोऱ्या चेहऱ्याने पाय ठेवून बसला. पुढच्या थांब्यावर उतरताना म्हणाला, "बरी वाटते जी." वहीत त्याची नोंद आहे.

घरी आणल्यावर टाइलची परीक्षा होई. आधी कर्ण मोजायचे. मग हळद सांडायची, जवसाचं तेल सांडायचं, आणि कंबरेइतक्या उंचीवरून वरवंटा सोडायचा. जी फुटेल ती नापास. जी फुटणार नाही, तिच्यावर वहिनींनी ओल्या पायांनी उभं राहायचं आणि घसरतं का ते सांगायचं.

"सांग, घसरते का?"

"उभी राहाले काहून घसरीन जी? चालाले तर जागा पायजे."

सरांना हे पटलं, पण एका टाइलवर चालणं शक्य नव्हतं, म्हणून त्या रकान्यात त्यांनी 'अनिर्णित' लिहिलं. वहीत तो रकाना शेवटपर्यंत अनिर्णित आहे.

एकदा मी त्यांच्याबरोबर भंडाऱ्याला गेलो होतो. दुकानदाराने एक पांढरी, करड्या शिरांची टाइल उचलून उजेडात धरली. "इटालियन फिनिश आहे सर."

"इटलीत धान होतं का?" सरांनी विचारलं.

दुकानदाराने टाइल काउंटरवर ठेवली. इटलीत भात होतो हे मी वाचलेलं होतं, पण ते सांगितलं असतं तर आणखी तासभर तिथेच गेला असता. सरांनी पट्टी काढून कर्ण मोजले. "या कर्णात आणि त्या कर्णात एक मिलिमीटरचा फरक आहे."

"सर, माझ्या दोन्ही पायांत याहून जास्त फरक असेल," दुकानदार म्हणाला. "तरी मी चालून राहिलो."

सरांनी वही मिटली. त्या दुकानात आम्ही पुन्हा गेलो नाही.

पास, नापास आणि अनिर्णित मिळून पडवीत नमुन्यांची थप्पी वाढत गेली. घरात फरशी नव्हती, पण फरश्यांची कमतरता नव्हती. वहिनींनी एक टाइल रांजणाखाली घातली, एक कण्यांच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली, एकीवर चटणी वाटू लागल्या. आणि गुडघ्यावर पट्टा बांधून, मधे मधे थांबत, पाच खोल्या सारवत राहिल्या. डॉक्टरांकडची दुसरी खेप झाली. फोटोत झीज वाढलेली दिसत होती. सर म्हणाले, "अभ्यास शेवटच्या टप्प्यात आहे."

दिवाळीनंतर हिवाळाभर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. बाजार, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, नाटक, आणि त्या निमित्ताने घरोघर पाहुणे. तिसऱ्या वर्षी मंडईला महिना राहिला तेव्हा वहिनींनी सारवणाची बादली सरांच्या खुर्चीजवळ आणून ठेवली.

"मंडईले पाहुने येतीन. या खेपेले मी नाही सारवत."

"मग?"

"डॉक्टरनं सांगतलं तवा तुमी संगच होते. तुमालेही ऐकू आलं असन."

सरांनी बादली उचलली. "ठीक आहे. मी सारवतो. यात अवघड काय आहे?"

"काईच नाही," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्या घरी येऊन माझ्या बायकोजवळ बसल्या.

अर्ध्या तासाने मला कुंपणापलीकडून हाक ऐकू आली. जाऊन दारातून आत पाहिलं. मोठी खोली पूर्ण सारवून झाली होती. पट्टे एकमेकांना समांतर, कडा सरळ, काम नमुनेदार. आणि पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे दार नाही, तिथे हटवार सर धोतर वर खोचून, शेणाचे हात अंगापासून दूर धरून उभे होते. त्यांनी दारापासून सुरुवात केली होती.

"काय करून राहिले जी सर?"

"उभा आहे," ते म्हणाले.

वहिनी माझ्या मागून आल्या. त्यांनी खोली पाहिली, नवरा पाहिला.

"पाय ठेवू का वो आता?" सर म्हणाले. अडचण झाल्यामुळे प्रमाण मराठी सुटलं होतं.

"नोको. ठसे उमटतीन. वारू द्या."

दिवस हिवाळ्याचे होते, लवकर वाळेना. दुपार होत आली तरी सर उभेच होते. मी त्यांना वर्तमानपत्र फेकलं, पण हात शेणाचे असल्यामुळे त्यांना ते उचलता आलं नाही. पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग तेवढा त्यांनी उभ्याने वाचला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ते भंडाऱ्याला गेले आणि टाइल्सची ऑर्डर देऊन आले. दोन बाय दोनची, चकचकीत, साय रंगाची. अकरा वर्षांच्या चिंतनातून आणि दोनशे पानी वहीतून निघालेली ही टाइल गावातल्या बहुतेक घरांत आधीच होती. माझ्याही घरात होती. मी ती एका दुपारी, जेवायच्या आधी घेतली होती.

बसवायला रेवाराम आला. रेवाराम लाखांदूरचा, पण शिकला आमच्याकडे मामाच्या घरी राहून. दहावीला तो तीनदा बसला आणि तिन्ही वेळा गणितात गेला. मग हातात थापी घेतली आणि पाच-सात वर्षांत पवनीपासून लाखांदूरपर्यंत त्याच्यासारखा फरशी मिस्त्री नाही असं नाव केलं. मोठ्या मोठ्या घरांत तो मालकाला सुनावत असे. सरांच्या अंगणात मात्र चपला रस्त्यावरच काढून आला आणि पाया पडला.

"सर, मांगच्या दाराकडे ढाळ ठेवतो."

"ढाळ म्हणजे?"

"उतार जी. धुतलं का पानी आपोआप निंगून जाते."

सरांनी चष्मा काढला. "रेवाराम, प्रतल म्हणजे काय?"

रेवारामने थापी पाठीमागे नेली. वय वर्षं चाळीस, दोन पोरांचा बाप, पण उभा राहिला तो पंधरा वर्षांच्या मुलासारखा. "प्रतल म्हंजे... ज्याले... सपाट..."

"सर्व दिशांना अमर्याद पसरलेला सपाट पृष्ठभाग. त्यात ढाळ कुठे आली?"

"नाही आली."

"मग मला आडवं प्रतल पाहिजे. पाणसळीतला बुडबुडा कोणत्याही खोलीत, कोणत्याही दिशेला, बरोबर मध्यावर दिसला पाहिजे. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही."

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "रेवाराम, तुले जसं येते तसं कर बावा."

"सुमन, हा भूमितीचा विषय आहे."

"धुवाचं तर घर हाय."

उत्तर देण्याइतका हा आक्षेप सरांना शास्त्रीय वाटला नाही.

संध्याकाळी रेवाराम माझ्या ओसरीवर चहाला बसला होता. मी म्हटलं, "तुले माहीत हाय ना पाणी तुंबणार म्हून? काहून ऐकून राहिला मग?"

त्याने बशीतला चहा संपवला. "तुमाले सांगतो सर. बोर्डानं मले नापास केलं मनतात लोक. पन सपनात मले बोर्ड नाही दिसत, हटवार सरच दिसतात, लाल पेन घेऊन. आता त्याईनं मले असा पेपर देला का जो मले येते. एकडाव पास होऊन पाहू द्या."

पाच दिवसांचं काम अकरा दिवस चाललं. एकेक टाइल ठेवायची, रबरी हातोडीने ठोकायची, पाणसळ लावायची, सरांना बोलवायचं. सर गुडघ्यावर बसून बुडबुडा पाहत. केसभर सरकलेला दिसला की टाइल उचलून खालचा मसाला पुन्हा सारखा करायचा. एवढ्या एकाग्रतेने सरांचं ऐकणारा विद्यार्थी त्यांना नोकरीत असताना कधी मिळाला नव्हता.

शेवटच्या दिवशी परीक्षा झाली. सरांनी काचेची एक गोटी आणली, पहिल्या खोलीच्या मध्यभागी ठेवली आणि हात काढला. गोटी हलली नाही. कोपऱ्यात ठेवली, दारात ठेवली, हलली नाही. पाच खोल्या झाल्या. रेवाराम भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. सरांनी वही काढली, लाल पेनने शेवटच्या पानावर 'शंभरपैकी शंभर' लिहिलं, सही केली आणि ते पान फाडून त्याला दिलं. रेवारामने ते घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि डोळ्यांत सिमेंट गेलं म्हणत बाहेर गेला.

वहिनी अनवाणी पायांनी पाचही खोल्यांतून एकदा चालून आल्या. भिंत धरली नाही. "थंड लागते," एवढंच म्हणाल्या, पण पुन्हा एकदा चालून आल्या.

मंडईच्या दिवशी सकाळी फरशी पहिल्यांदा धुतली. वहिनींनी बादल्या ओतल्या आणि खराटा घेऊन मागच्या दाराशी पाण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या. पाणी आलं नाही. जिथे ओतलं तिथून ते चारही बाजूंना सारखं पसरलं, भिंतींना लागलं आणि थांबलं. खराट्याने ढकललं की जाई आणि खराटा उचलला की परत येई. एवढ्यात लाखांदूरहून सरांचे साडू आणि त्यांची मंडळी आली, आणि चपला काढून थेट पाण्यात उतरली. मला वहिनींनी हाक मारली होती, म्हणून मीही होतो. रेवाराम बायकोला घेऊन मुद्दाम आपलं काम दाखवायला आला होता. सगळे खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसलो.

सर मात्र खोलीच्या मध्यभागी उभे होते, हातात पट्टी. त्यांनी वाकून एका कोपऱ्यात पाण्याची खोली मोजली. "चार मिलिमीटर." दुसऱ्या कोपऱ्यात मोजली. "चार." तिसऱ्या कोपऱ्यात मोजून ते आमच्याकडे वळले. "इथेही चार. एवढ्या क्षेत्रफळावर पाणी कुठेही कमी नाही, कुठेही जास्त नाही. हे मी मुद्दाम केलं नव्हतं, पण याहून चांगला पुरावा मिळाला नसता."

रेवाराम बायकोला हळूच म्हणाला, "पाह्य, चार म्हंजे चार."

साडूंनी पँट घोट्यावर घेतली. "सर, झिंगे सोडा यात. गावच्या बोडीतल्या पान्यापेक्षा साजरे होतीन."

कुणी हसलं नाही, कारण सर अजून चौथ्या कोपऱ्यात होते.

वहिनींनी रेवारामला मंडईच्या बाजारात पाठवलं. तो प्लास्टिकवाल्याकडून लांब दांडीचा वायपर घेऊन आला. वहिनींनी तो सरांच्या हातात दिला.

"ढाळ ठेवतो म्हनून त्यानं म्हनलं होतं. तुमीच नोको म्हनले. घ्या. मले तर वाकनं मना हाय."

सरांनी वायपर वरपासून खालपर्यंत पाहिला. "याला वाकावं लागत नाही."

"मंग तर तुमाले सोपंच जाईन," वहिनी म्हणाल्या आणि साडूंच्या बायकोला घेऊन दंडार पाहायला गेल्या.

पुढे मी मुलाकडे भंडाऱ्याला राहायला गेलो. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी कामाने कोंढ्याला गेलो, तेव्हा सरांकडे डोकावलो. वहिनी पडवीत खुर्चीवर बसून लाखोरीची भाजी निवडत होत्या. आत सर धोतर गुडघ्यापर्यंत खोचून वायपर ओढत होते. मला पाहून थांबले आणि त्यांनी पद्धत समजावून सांगितली. पाणी समांतर पट्ट्यांत विभागायचं, प्रत्येक पट्टी भिंतीपासून दारापर्यंत एका दिशेने न्यायची, मधे थांबायचं नाही. "लोक अव्यवस्थित ढकलतात," ते म्हणाले. "पाण्यालाही शिस्त लागते." बोलण्यासाठी ते थांबले होते, तेवढ्यात निम्मी पट्टी परत आली होती. त्यांनी मागे वळून पाहिलं, चष्मा वर केला आणि भिंतीपासून पुन्हा सुरुवात केली.

मी वहिनींना गुडघ्यांचं विचारलं.

"बरे हायेत आता," त्या म्हणाल्या आणि खुर्चीचा हात न धरता उठून माझ्यासाठी चहा ठेवायला गेल्या.

या जातीची फरशी रोज धुवावी लागत नाही. ओलं फडकं फिरवलं तरी पुरतं, आणि हे माझ्या बायकोला वहिनींनीच सांगितलं होतं. त्यांच्या घरी मात्र रोज सकाळी दोन बादल्या पाणी पडतं. ते पाणी वहिनीच ओततात.